पाठवणीवर चढवलेली सनई

व्हीसीआर नागपुरात नुकते दिसू लागले होते, तेव्हा शहराबाहेर वाडीला ट्रकांच्या गोदामामागच्या भाड्याच्या खोलीत मी असे दोन व्हीसीआर वायरींनी जोडून बसलो होतो. एकावर लग्नाची कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवं तेवढंच उतरवून घ्यायचं. घोड्यावरून पडलेला एक नवरदेव मी असा कापला होता, की पुढं त्या घोड्यालाही तो पडल्याचं आठवेना. धंदा मुंबईहून शिकून आलो, असं सांगायचो. खरं म्हणजे मशीनसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं होतं. न कळलेल्या ओळी सरळ सोडल्या होत्या.

त्यातच एक बटण सापडलं. चित्राला धक्का न लावता त्यावर दुसरा आवाज चढवणारं. मी तर वेडाच झालो. आठवडाभर भांडणाऱ्या व्याह्यांच्या तोंडून भजनं म्हणवून घेतली.

मग ताईचं लग्न झालं. जावई पुण्याचे. पाठवणीच्या वेळी आईनं ताईला जवळ ओढलं आणि मिनिटभर काहीतरी बोलली. कॅमेरा माझ्याच खांद्यावर, मी त्यांच्यापासून दोन हातांवर. आईचं बोलणं काटोलकडचं, ठसठशीत. पुण्याची मंडळी कॅसेट पाहतील, ‘तुले’, ‘मले’ ऐकून एकमेकांकडे बघतील, या विचारानं माझेच कान तापले. मी त्या मिनिटावर सनई चढवली. तीही मूळ कॅसेटवरच. कॅसेटची नक्कल काढली की रंग पसरतात ना! जुना आवाज खाली दबून राहील, पाहिजे तेव्हा वर काढू, असा माझा हिशेब. तो कायमचा पुसला जातो, हे पुस्तकातल्या मी सोडलेल्या ओळींत लिहिलं होतं.

दिवाळीला ताई आली. कॅसेट लावली.

“आईचे ओठ हलून राहिले,” ती म्हणाली, “आवाज काहून येत नाही गा? मी इतकी रडत होती, मले काहीच ऐकू आलं नव्हतं. तेच ऐकाले आली मी.”

“माइकात मुंगळा शिरला होता,” मी म्हणालो. “हा एवढा!”

ताईनं आईला विचारलं. आई हसली. “मले काय आठवते वं? तोंडाले आलं ते बोलली.”

“तू त बाजूलेच होता,” ताई माझ्याकडे वळली. “तू सांग.”

मी ते वीस वेळा ऐकलं होतं. पण बटण कुठं दाबायचं आणि कुठं सोडायचं, एवढंच ऐकलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. ताईचे डोळे भरलेले. माझ्या तोंडाला सवयच होती, ते चालू झालं.

“आई म्हणाली, ‘माह्या घराले कडी नाही, बाई. कधीबी ये.’”

ताई आईच्या गळ्यात पडून रडली. आई तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली.

दुपारी ताई झोपल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. “खरं सांग, मी इतकं चांगलं बोलली काय गा?”

आयुष्यात एकदाच खरं सांगायची वेळ होती.

“हो,” मी म्हणालो.

ती खुश झाली. संध्याकाळी कुंपणापाशी उभी राहून शेजारणीला आपलंच वाक्य ऐकवत होती. मधेच अडली आणि मला हाक मारून विचारलं, “पुढं काय बोलली होती मी?”