तीन मोटारी, तीन डोस

लॉरी पोलीस ठाण्याच्या फाटकात आडवी. हॉर्न अखंड चालू. आत स्टिअरिंगवर छाती टाकून एक माणूस घोरतोय. जमादार कानात बोटं घालून मला विचारतायत, "ओळखता का ह्याला?"

ओळखत होतो. माझाच माणूस होता.

मी तेव्हा नवा नवा प्रोबेशन ऑफिसर. निजाम जाऊन मुंबई राज्य आलं, मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला, आणि त्यात हा नवीन कायदा. कायदा असा, की पहिलाच गुन्हा असला आणि माणूस तसा बरा असला, तर कोर्ट त्याला जेलात घालत नाही. चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडतं. वर्षभर त्यानं नीट वागायचं आणि तो नीट वागतो का ते मी बघायचं. नाही वागला तर बॉण्ड रद्द, आणि जुन्या गुन्ह्यासाठी माणूस आत. माझं ऑफिस धाराशिवला, कागदावर उस्मानाबाद. माणसं मात्र जिल्हाभर. म्हणून मी कायम मोटारीत.

हा दगडू ड्रायव्हर उमरग्याचा. वय चाळीस. बाजारात कुणाची तरी शेळी त्याच्या लॉरीवर चढून पेंड खात होती. ह्यानं शेळीला काही केलं नाही. शेळीवाल्याला लाल भोपळा फेकून मारला. भोपळा फुटला, डोकं पण थोडं फुटलं. एक वर्षाचा बॉण्ड झाला. त्यातले दहा महिने गडी देवासारखा वागला.

त्याला कारण मी. मला नकलांची लई खोड. उमरग्याच्या मॅजिस्ट्रेट साहेबांची सवय अशी, की वाक्याच्या सुरुवातीला "असं आहे बघा" आणि शेवटी नाकातून "हूंऽ". बॉण्डवर अंगठा घेतला त्या दिवशी मी व्हरांड्यात दगडूला साहेबांच्याच आवाजात बजावलं, "असं आहे बघा, शिकलेला माणूस जे सांगेल ते तंतोतंत पाळायचं. हूंऽ."

वर म्हणालो, कोर्टात असंच बोलतात. मी मजा केली. त्यानं हात जोडून ऐकलं. लफडं इथंच सुरू झालं.

तर लॉरी. जमादारांनी मला केस सांगितली. जुने निजामाच्या वेळचे होते, बोलणं तसंच.

"मुलजिम नशेत होता, ऑफिसर साहेब. हलवला तर म्हणतो, 'आई, अजून थोडं.' मी काय त्याची आई?"

"दारूचा वास आला?"

"बडीशेपेचा आला. दारूबंदी झाल्यापासून लोक कशाची काढतील सांगता येत नाही."

मोटार कायद्यात दारूच पाहिजे असं नाही. औषधाच्या अमलाखाली गाडी चालवली तरी गुन्हाच. जमादारांनी बॉण्ड रद्द करायचा रिपोर्ट त्याच दिवशी कोर्टात धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडू शुद्धीवर आला. मी गजाबाहेर बसलो.

"दगडूमामा, काय घेतलं होतं?"

"औषध. डाक्टरनं दिल्यालं. अंगावर पित्ताच्या गांध्या उठल्यात." त्यानं बंडीतून बडीशेपेच्या वासाची बाटली काढली. बाटलीला कागदाची पट्टी, पट्टीला कात्रीनं मारलेल्या खुणा. एक खूण म्हणजे एक डोस.

"किती डोस घेतले?"

"तीन. सांगितल्यापरमाणं. एक सकाळच्या मोटारीला, एक दुपारच्या मोटारीला, एक सांजच्या मोटारीला."

घड्याळ गावात कुणाकडं होतं? दवाखान्याचा कंपाउंडर सगळ्यांनाच असं सांगायचा. सकाळची मोटार धाराशिवची, दुपारची सोलापूरची, सांजची लोहाऱ्याची. अख्खं उमरगा ह्या तीन भोंग्यांवर जेवायचं आणि झोपायचं.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आदल्या दिवशी मी स्वतः त्या सकाळच्या मोटारीत होतो. गावाबाहेरच्या पुलावर कडब्याची गाडी उलटली होती. आमची मोटार अडकली, तिच्यामागं सोलापूरची येऊन अडकली. चार वाजेपर्यंत आम्ही पुलावर. तिथं मी माणसांना सगळ्या पुढाऱ्यांच्या नकला करून दाखवल्या. रस्ता मोकळा झाला आणि दोन्ही मोटारी एकामागं एक गावात शिरल्या. लोहाऱ्याची दुसऱ्या रस्त्यानं, बरोबर साडेचारला, आपल्या वेळेवर.

"म्हणजे अर्ध्या तासात तीन डोस?"

"व्हय. पर म्या सकाळधरनं कळ काढली, सायब. खाजवून खाजवून बेजार झालो. तरी मोटार आली न्हाय म्हणून बाटलीला हात लावला न्हाय. वर्तणूक सोडली न्हाय."

"आणि वर गाडी चालवली?"

"लॉरीचे मालक शेठ म्हणले, लॉरी कापसाच्या जिनात नेऊन लाव. शेठ बी शिकल्यालेच हायत."

"डॉक्टरला सांगायचं ना, ड्रायव्हर आहे म्हणून."

"त्यांनी इचारलं, सध्या काय करता. म्या म्हणलं, चांगल्या वर्तणुकीवर हाय."



आठ दिवसांनी सुनावणी. डॉक्टरांची चिठ्ठी होती, ह्या औषधानं झोप येते, तीन डोस एकदम घेतले तर कुणीही आडवा होईल. मी मोटारींची सगळी हकीकत सांगितली. साहेबांनी चष्मा काढला.

"असं आहे बघा, माणूस मोटारीच्या आवाजावर औषध पितो, हे कोर्टानं कसं मानायचं? हूंऽ."

"हुजूर, परवानगी असेल तर दाखवतो."

सकाळचे अकरा वाजले होते. मी तोंडाला हात लावला आणि सोलापूरच्या मोटारीचा भोंगा काढला. घसा बसलेल्या बोकडासारखा आहे तो, मला बरोबर जमतो.

पिंजऱ्यात दगडूचा हात बंडीत गेला आणि रिकामाच बाहेर आला. व्हरांड्यातली एक म्हातारी गाठोडं डोक्यावर घेऊन स्टँडकडं पळत सुटली. आणि कोर्टाचा शिपाई शांतपणे उठला, बाहेर गेला आणि साहेबांचा दुपारचा चहा घेऊन आला.

साहेबांनी चहाकडं बघितलं. घड्याळाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"ठीक. वहिवाट मान्य." त्यांनी माझ्या रिपोर्टचं पान उलटलं. "पण तुम्ही म्हणता, त्या दिवशी सकाळची मोटार चारला आली. तुमच्याच दौऱ्याच्या डायरीत लिहिलंय, 'सकाळी दहाला उमरग्यास पोहोचलो.' सही तुमची. मोटार दहाला आली असेल तर डोस दहाला. मग तीन डोस एकदम कुठले?"



दौऱ्याची डायरी म्हणजे कुठं किती वाजता पोचलो ते रोज लिहायची वही. मी हुशार. अख्ख्या आठवड्याची सोमवारीच लिहून टाकायचो. रिपोर्टला ती जोडायची असा नियम, म्हणून जोडली. वाचली नाही. आता डायरी खरी म्हणावी तर दगडू आत. खोटी म्हणावी तर माझी नोकरी अजून कच्ची होती, वर्षभर काम बघून पक्की करणार होते, आणि त्याला महिनाच राहिला होता.

मी टोपी काढून परत घातली. तेवढ्यात पिंजऱ्यातून, मला धीर द्यायला म्हणून, दगडू बोलला. मी शिकवल्यासारखंच, एकेक शब्द तोलून.

"असं हाय बघा सायब, शिकल्याल्या माणसानं खरं बोलावं. हूंऽ."

जमादारांनी तोंड भिंतीकडं केलं. त्यांचे खांदे हलत होते.

साहेबांनी चष्मा घातला. "हे असं बोलायला कुणी शिकवलं?"

"ह्याच सायबांनी. बॉण्डच्या वक्ताला. कोर्टात असंच बोलत्यात म्हणले."

एवढी अब्रू गेली, आता उरलं काय. मी सांगून टाकलं. डायरी आधीच लिहिली होती, मोटार चारला आली, मी त्याच मोटारीत होतो, पुलावर नकला करत होतो.

"कुणाच्या?"

"पुढाऱ्यांच्या, हुजूर."

"माझी?"

"शेवटी शेवटी."

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मग "असं आहे..." म्हणाले आणि तिथंच थांबले. शेवटचं "हूं" पण गिळलं, मला दिसलं. बॉण्ड रद्द नाही. दगडूला ताकीद. गांध्या जाईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आणि औषध मोटारीवर घ्यायचं नाही, ठाण्यात तासाचे टोल वाजतात त्यावर घ्यायचं, ह्यावर जमादारांनी लक्ष ठेवायचं. पुढं चार दिवस जमादार टोल वाजला की फाटकात येऊन ओरडायचे, "दगडूऽ, डोस."

माझ्या डायरीचा कागद जिल्ह्याला गेला. साहेबांनी शेजारी एक ओळ लिहिली होती, की अधिकारी खरं बोलतो, पण उशिरा. नोकरी गेली नाही. पक्की व्हायची तारीख सहा महिने पुढं गेली. तोवर वर्तणूक बघणार.

दगडूचा बॉण्ड दोन महिन्यांत संपला. माझं चालूच होतं. धाराशिवला माल टाकायला आला की तो लॉरी माझ्या ऑफिससमोर उभी करायचा, खिडकीतून डोकावायचा.

"सायब, वर्तणूक कशी काय?"

"बरी आहे, दगडूमामा."

"डायरी?"

"लिहिली."

"कवा?"

"काल संध्याकाळी. कालचीच."

"मग बरं हाय," म्हणायचा आणि जायचा. तेव्हापासून माझा एक नियम आहे. औषध असो की डायरी, ज्या त्या दिवसाची ज्या त्या दिवशी. साठवून एकदम घेतली की माणूस कुठं ना कुठं आडवा होतो, आणि शक्यतो ठाण्याच्या फाटकातच होतो.