आधी इशारा, मग पायरी

मुलाखतीला गेले, तर समोरच्या बाईंनी माझ्या प्रमाणपत्रांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टेबलावरची एक लग्नपत्रिका उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "यात काय आहे ते सांग." मी पुण्याची, त्यात इंग्रजी वाङ्मय घेऊन एम.ए. झालेली. वर्णन करण्यात आपला हात कोण धरणार, अशी माझी खात्री होती. वर लाल गणपती आहे, मधे मोठी सोनेरी अक्षरं आहेत, कडेनं वेलबुट्टी आहे, खाली बारीक टाइप आहे, असं मी रंगात येऊन सांगू लागले. बाईंनी हात वर केला.

"स्वल्प थांब. दिसतंय कसं ते नक्को. आहे काय ते सांग. तुझ्या मावशीला ही पत्रिका फोनवर वाचून दाखवायची झाली, तर लाल रंग कसा वाचशील?"

माझी विकेटच पडली. मग मी सावकाश सुरुवात केली. हे देवाचं नाव, हे नवरीचं, हे नवऱ्याचं, हा मुहूर्त, हा कार्यालयाचा पत्ता आणि ही शेवटची सूचना, कृपया आहेर आणू नये. "सरी, बरोबर," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून ये."

या शारदाअक्का. त्यांचं घराणं इतक्या पिढ्या बेंगळुरूत होतं की मूळ गाव कुठलं हे त्यांच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी मराठी बोलत, पण त्यात कन्नड इतकं मिसळलेलं की पहिला आठवडाभर मी ते कन्नडच समजत होते. माझ्या मराठीला त्या "रेडिओचं मराठी" म्हणत आणि मी एखादं जड वाक्य टाकलं की "बातम्या संपल्या का?" असं विचारत. एके काळी त्या छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. नव्वदच्या दशकात मल्लेश्वरममधल्या आमच्या छोट्या कंपनीत एका विभागाच्या प्रमुख झाल्या. खाली स्टीलच्या भांड्यांचं दुकान, वर आम्ही. कुणी हंडा ठोकून पाहिला की आमच्या टेलिफोनवरचं बोलणं थांबायचं.

आमचं काम म्हणजे परदेशी कंपन्यांच्या यंत्रांची मॅन्युअल्स तयार करणं. बाकीचे लोक तेव्हा संगणकावर पानं सजवत. हे ठळक करा, ते लाल करा, इथे चौकट काढा. अक्कांच्या विभागात असलं काही चालत नसे. आम्ही मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला त्याची ओळख लावत असू. ही पायरी, हे भागाचं नाव, हा इशारा. तो कागदावर कसा दिसेल, पडद्यावर कसा दिसेल, हे नंतर यंत्र ठरवे. शिवाय प्रत्येक इशारा एकाच जागी लिहून ठेवलेला असे. मॅन्युअलमध्ये फक्त खूण, की इथे अमुक इशारा येऊ दे. छापताना यंत्र तो त्या जागेवरून उचलून आणी. "एकदाच रांधायचं," अक्का म्हणत, "मग पंगती कितीही बसू देत."

ही सवय त्यांना घरीदारी सुटत नसे. दर्शिनीत, म्हणजे तिथल्या उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफी प्यायला गेलो की भिंतीवरच्या पाटीकडे बघून त्या उसासा टाकत. "बघ. 'कॉफी' हा पदार्थ. 'बिनसाखरेची' हा प्रकार. 'आज नाही' ही अवस्था. तिन्ही एकाच खडूनं, एकाच ओळीत. माणसानं काय मागवायचं?" गल्ल्यावरचा माणूस त्यांना ओळखून होता. अक्का दिसल्या की तो गुपचूप पाटीवर हात ठेवी.

एकदा मी लिहिलं होतं: 'झाकण उघडा. इशारा: आत गरम वाफ असते.' अक्कांनी मला बोलावलं. आवाज अगदी शांत. "तुझ्या वाचकानं पहिलं वाक्य वाचलं आणि झाकण उघडलं. दुसरं वाक्य आता तो दवाखान्यात वाचतोय." त्या दिवसापासून आमच्या विभागाचा कायदा ठरला. आधी इशारा, मग पायरी. हा कायदा मोडणाऱ्याला अक्का ओरडत नसत. दिवसभर फक्त "दवाखान्यात कसं आहे?" असं विचारत. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

आमच्या मालकांना, श्रीकंठय्यांना, हे सगळं प्रकरण महाग आणि संथ वाटे. त्यांनी अक्कांना स्पष्ट सांगितलं होतं की जर्मनीची कंप्रेसर कंपनी काम देणार असेल तर विभाग राहील, नाहीतर बंद. म्हणजे अक्का परत पानं सजवणार आणि आम्ही चौघं घरी जाणार. त्या कंपनीचे एक गृहस्थ मॅन्युअल्स बघायला स्वतः येणार होते. मला पुण्याला परत जायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, अक्कांच्या हाताखालून तर मुळीच जायचं नव्हतं.

तयारीसाठी आम्हाला एखादा खोटा मजकूर हवा होता, सगळी यंत्रणा तपासून बघायला. अक्कांनी होळिगेची कृती दिली. आपली पुरणपोळी, पण त्या तिला होळिगेच म्हणत. "यात सगळं आहे," त्या म्हणाल्या. "भाग आहेत, अवजारं आहेत, पायऱ्या आहेत आणि भाजण्याची भीती आहे." कंप्रेसरच्या वाफेचा इशारा ज्या जागी ठेवला होता, त्याच जागी अक्कांनी होळिगेचा इशारा ठेवून पाहिला. सगळं झकास चाललं. आम्ही खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. उंच, गंभीर, चष्मा नाकाच्या टोकावर. श्रीकंठय्या त्यांच्या शेजारी नवा कोट घालून बसले. आम्ही ताजी छापलेली कंप्रेसरची मॅन्युअल्स समोर ठेवली. पाहुण्यांनी पान उलटलं, थांबले, दुसरं मॅन्युअल उघडलं, तिसरं उघडलं. मग अत्यंत सभ्य इंग्रजीत विचारलं, "आमच्या कंप्रेसरपाशी उभं राहताना पदर का सांभाळायचा?"

वाफेच्या इशाऱ्याची जागा पूर्ववत करायची राहून गेली होती. प्रत्येक मॅन्युअलमध्ये, ठसठशीत चौकटीत, स्वच्छ इंग्रजीत छापलं होतं: 'तवा तापलेला आहे. होळिगे बोटांनी उलटू नये. पदर सांभाळा.'

श्रीकंठय्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी जमिनीकडे बघत पुण्याच्या गाडीचा विचार करू लागले. अक्का मात्र उठल्या. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "तो इशारा मीच तिथे ठेवला आणि काढायला विसरले. आता स्वल्प बघा." त्या संगणकापाशी बसल्या, त्या एका जागेवरचा होळिगेचा इशारा काढला, वाफेचा ठेवला आणि छपाईची आज्ञा दिली. प्रिंटर करकरत राहिला. खाली कुणीतरी हंडा ठोकत होतं. नवी पानं आली, तशी अक्कांनी ती पाहुण्यांपुढे सरकवली. एकूण एक मॅन्युअल बरोबर झालं होतं.

"पानं सजवणाऱ्यांकडून ही चूक झाली असती," अक्का म्हणाल्या, "तर तुमचा पदर पुढची कितीतरी वर्षं कुठल्या ना कुठल्या मॅन्युअलमध्ये लोंबत राहिला असता."

पाहुणे आधी हसले नाहीत. त्यांनी जुनी पानं आणि नवी पानं शेजारी शेजारी ठेवून शेवटपर्यंत तपासली. मग चष्मा काढला आणि इतके हसले की श्रीकंठय्याही घाबरत घाबरत हसले. काम आम्हाला मिळालं. दुपारी अक्कांनी डबा उघडला. त्यात अर्थातच होळिगे होती, कारण अक्कांच्या मते तपासणी खाऊन पाहिल्याशिवाय पुरी होत नसे. पाहुण्यांनी जाताना ती चुकीची पानं मागून घेतली आणि घडी करून बॅगेत ठेवली.

हल्ली मी पुन्हा पुण्यात आहे आणि एआयला खायला घालायचे कागदपत्र नीट लावून देण्याचं काम करते. हाताखालची हुशार मुलं मला सांगतात, "मॅडम, मशीनला सगळं कळतं." मी त्यांच्या हातात एक लग्नपत्रिका ठेवते. लाल गणपतीपासूनच सुरुवात करतात बिचारी. मला फार मजा येते आणि त्याच क्षणी अक्कांची फार आठवणही येते.

त्या निवृत्त झाल्या आणि आनेकलला भावाकडे राहायला जायचं ठरलं, तेव्हा आम्ही ऑफिसातच निरोप दिला. विभाग तोवर इतका वाढला होता की बसायला जागा नव्हती. श्रीकंठय्या लांबलचक बोलले, या विभागाची कल्पना मुळात आपलीच होती असंही बोलले. अक्का ऐकून घेत होत्या. मग उठल्या, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "इशारा."

मागे उभे असलेले पुढे सरकले.

"मी आता जाणार आहे. रडायचं असेल त्यांनी आधीच रडून घ्या. पदर सांभाळा."

आम्ही हसलो आणि हसता हसताच रडलो. अक्का थांबल्या होत्या, आमचं होईपर्यंत. मग त्यांनी पिशवी उचलली.

"येते मी," म्हणाल्या.