पालथं खापर

धुळ्याच्या जुन्या भागातल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. त्यातल्या एका गल्लीत, राजस्थानातून येऊन इथे स्थायिक झालेल्या एका कापूस व्यापाऱ्याचं घर आहे. वारसांनी ते देऊन टाकलं. आता तळमजल्यावर संग्रहालय आणि वर कलाकेंद्र. एप्रिलच्या एका दुपारी मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन तिथे गेले ती आईचं खापर परत मागायला.

आई चार महिन्यांपूर्वी गेली. आबांना जळगावला माझ्याकडे आणायचं ठरलं, म्हणून साक्रीजवळच्या गावातलं घर मी एका रविवारी आवरून टाकलं. रडले नाही. लोक म्हणाले, पोरगी धीराची आहे. धीर कसला. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, तशी मी अख्खी झाले होते. संग्रहालयाला जुनी भांडी हवी होती, मला घर रिकामं करायचं होतं. फॉर्मवर ‘वस्तूचे नाव’ असा रकाना होता, त्यात मी ‘मडकं’ लिहिलं. ‘उपयोग’समोर रेघ मारली. मराठी शिकवते मी शाळेत, पण त्या दिवशी खापर हा शब्दसुद्धा हाताला आला नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पंधरा दिवसांवर आली तेव्हा आबा जेवता जेवता म्हणाले, “यंदा घागर तुनी मायनी शे. पोळी बी तिनाच खापरवरनी जोयजे.” आमच्याकडे आखाजीला गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, पुरणाचा नैवेद्य दाखवतात. चार महिन्यांत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. मांडे, म्हणजे खापरावरच्या पुरणपोळ्या, करायला गावातली काकू तयार होती. खापर मी देऊन बसले होते, हे मला त्यांना सांगावं लागलं. त्यांनी पुढचा घास घेतला. चिडले असते तर बरं झालं असतं.

संग्रहालय बघणारी बाई तिशीची, पुण्याकडची, अगदी मनापासून बोलणारी. वर तबल्याचा क्लास चालला होता आणि लाकडी तक्तपोशीतून ठेका खाली येत होता. तिनं आम्हाला स्वयंपाकघराच्या दालनात नेलं. कोपऱ्यात आईचं खापर होतं, तोंड वर करून, आत मूठभर ज्वारी घालून ठेवलेलं. समोर कार्ड: ‘धान्य साठवण्याचे मडके’.

“हाई पालथं ऱ्हास,” आबा म्हणाले.

बाईला कळलं नाही. मग मला समजावून सांगावं लागलं. खापर चुलीवर पालथं घालतात, आतून जाळ लावतात, आणि वरच्या तापलेल्या गोल बुडावर, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत वाढवलेला मांडा टाकतात. म्हणून आतून काळं असतं. काजळी दाखवली तशी ती ओशाळली, माफी मागायला लागली. तिची काय चूक? खापर माझ्याच माथी फुटायचं होतं. तसं मी म्हणालेही, पण त्यात हसण्यासारखं कोणालाच काही वाटलं नाही.

“सण आहे ना, मग घेऊन जा,” ती म्हणाली. “फक्त एक सही लागेल.” आबांनी ज्वारी ओंजळीनं काढून कागदावर ठेवली आणि खापर दोन्ही हातांनी उलटं केलं.

बुडावर, बरोबर मध्यभागी, पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर लिहिलेला होता. दिसू नये म्हणून नंबर तळाशी टाकतात, असं बाई म्हणाली.

आबांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. “आठेच पोळी टाकतस,” ते म्हणाले. बाई थिनर आणायला निघाली. “नको. वास ऱ्हाई,” आबा म्हणाले, आणि खापर परत तिथेच, पण पालथं मांडून ठेवलं. वर तबलजींनी मुलांना थांबवलं आणि पहिल्यापासून सुरू करायला लावलं. मला वाईट वाटायला हवं होतं. माझं लक्ष त्या ठेक्याकडे होतं.

बाईनं कोरं कार्ड आणलं आणि मलाच नीट लिहून द्यायला सांगितलं. मी टेबलाशी बसले. वस्तू: खापर. उपयोग: यावर मांडे करतात. त्याखाली ‘वापरणारी व्यक्ती’ होतं, तिथे लिहिलं: माझी आई. अक्षर वळणदार आलं. कार्ड आबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते हळूहळू वाचलं आणि ‘करतात’वर बोट ठेवलं.

“आशे नको लिखू,” ते म्हणाले. “आते कोठे करस ती?”

चूक व्याकरणाची नव्हती. मी लोकांबद्दल लिहिलं होतं, त्यांनी ते एकट्या आईबद्दल वाचलं. मी ‘करतात’ खोडलं आणि पेन तसंच धरून बसले. आई आता मांडे करत नाही, हे मला तेव्हा, त्या टेबलाशी, कळलं. कार्डावर पाणी पडलं, शाई फुटली. बाईनं दुसरं कोरं कार्ड पुढे सरकवलं.

‘करायची’ एवढं लिहायला मला तीन कार्डं लागली.