विहिरीत मांडलेला खेळ

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. गावात जे कुणालाच वाचता येत नाही ते आपल्याला येतं, याचा त्याला माज असतो. मला तो होता. परंडा तालुक्यातल्या आमच्या गावी हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायचो, आणि ऐंशीनंतरच्या त्या दुष्काळात मामेभावानं एक खोका आणून दिला तेव्हा हा माज आणखीच चढला.

मामेभाऊ बोटीवर इंजिनात कामाला होता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात त्यानं तो खोका घेतलेला. आत एक जाड पुस्तक, छापील कागदांची चळत आणि फासे. फासे ल्युडोसारखे नव्हेत; एकाला आठ बाजू, एकाला दहा, एकाला तर वीस. पट नाही, सोंगट्या नाहीत. "बोलून खेळायचं असतं म्हणं," तो म्हणाला, "मला काय उमगलं न्हाय. तूच बघ."

मी आठ दिवस शब्दकोश घेऊन बसलो. खेळ असा होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. मी कोण, काय येतं, कशाला भितो, हे प्रत्येकानं कागदावर लिहायचं. गोष्टीत अडचण आली की फासा टाकायचा आणि तो म्हणेल तसं पुढं जायचं. त्यात एक आकडा असायचा, त्याला मी मराठीत 'भान' म्हटलं. नको ते दिसलं की भान कमी होत जायचं. शून्यावर आलं की तुमचा कागद सांगणाऱ्याकडं जमा; तुमचा माणूस तुमचा राहायचा नाही.

आणि नको ते म्हणजे भूत नव्हे. हे मला फार आवडलं होतं. भुताला काहीतरी हवं असतं, त्याचा कुणावर तरी राग असतो. या खेळातलं जे होतं ते आपल्या आधीपासून, पृथ्वीच्याही आधीपासून होतं. ते आपल्यावर रागावलेलं नव्हतं. आपण आहोत हेच त्याला ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्याची सुट्टी होती. दूध सोसायटीची खोली दुपारभर रिकामी असायची, कारण जनावरं छावणीला गेलेली आणि सकाळचं दूध दोन कॅनांच्या वर जात नव्हतं. दूध घेणारा, जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, मी आणि आमचा सेक्रेटरी असे चौघं तिथं टेबलाभोवती बसायचो. सेक्रेटरी म्हणजे गावच्या कर्ज सोसायटीचा गटसचिव, माझा पहिलीपासूनचा सोबती. घर त्याचं बौद्ध वस्तीत. अक्षर मोत्यासारखं, म्हणून चौघांचे कागद तोच लिहायचा.

पुस्तकात दिलेली गोष्ट धुक्यातल्या एका बंदराची होती. मी ती चार दुपारी रंगवून सांगितली. कंपाउंडरला पेंग यायची. "मास्तर, धुकं म्हंजे नेमकं किती धुकं?" असं तो विचारायचा. सेक्रेटरी मात्र लक्ष देऊन ऐकायचा. एकदा म्हणाला, "त्याला आपण दिसतच न्हाय म्हणतूस, मग त्याला भ्यायचं कशाला? तसलं आमी वरच्या गावात लई बघितलंय." सगळे हसले. मीही हसलो, आणि काय ऐकलं ते घरी गेल्यावरही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

त्याच उन्हाळ्यात वस्तीच्या विहिरीचं खोदकाम चालू होतं. बौद्ध वस्तीला स्वतःची अशी ती पहिली विहीर. मंजुरीसाठी सेक्रेटरीनं धाराशिवच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले होते की एस.टी.चे कंडक्टर त्याला ओळखायचे. तोवर वस्तीतल्या बायका पाऊण कोसावरच्या एका मळ्यातून पाणी आणत, तेही मालकाची मर्जी असेल त्या दिवशी. जूनच्या आत पाणी लागलं तर पुढचं बांधकाम होणार होतं, नाहीतर काम बंद. विहीर खोदणारी टोळी बाहेरगावची होती. त्यांचा मुकादम साठीचा, मितभाषी माणूस. दुपारच्या उन्हात काम थांबलं की ती माणसं आमच्याच खोलीच्या पडवीत सावलीला येऊन पडायची. दार उघडंच असायचं. बंद केलं तर आम्ही उकडून निघालो असतो.

एक दिवस सेक्रेटरी आला तो हसतच. म्हणाला, "सात परस झालं. आज पहार पोकळ वाजतीय. मुकादम म्हणतो खाली झरा असंल, अजून हात-दोन हात." परस म्हणजे हात वर केलेला उभा माणूस, असे सात एकावर एक, एवढी खोल. मला बरं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण त्याच वेळी माझ्यातला तो दीडशहाणा जागा झाला. पोकळ वाजतीय! बंदर आणि धुकं यांच्यापेक्षा हे किती भारी.

दुसऱ्या दुपारी मी नवी गोष्ट सुरू केली. एका गावात वस्तीला विहीर खणतात. सात परसांवर पहार पोकळ वाजते. सेक्रेटरीनं लिहिता लिहिता पेन थांबवलं. "मास्तर, ही विहीर नगं घिऊस," म्हणाला, "दुसरं कायबी घे."

"अरे, खेळ आहे," मी म्हणालो.

त्यानं मान खाली घालून पुन्हा लिहायला घेतलं. मला त्याचा थोडा रागच आला, की मजा यायला लागली आणि हा आता मोडता घालतोय.

मग मी सुटलो. खाली उतरलेल्या माणसाला खडक कोमट लागतो. तो खडक हळूहळू वर येतो, हळूहळू खाली जातो, झोपलेल्या जनावराच्या बरगड्यांसारखा. पहार मारली ती खडकावर नाही, कातडीवर. ते जागं नाही. आपण त्याला कळतही नाही. पण त्यानं कूस बदलली तर वरचं गाव राहणार नाही. कंपाउंडरची पेंग पार उडाली. दूध घेणाऱ्यानं फासा टाकला, वाईट पडला, त्याचं भान शून्यावर आलं आणि खरोखर त्याच्या कपाळाला घाम आला. इतकं छान मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं. मग पडवीत बिडीचा वास थांबलाय असं मला जाणवलं. मान वळवून बघितलं तर टोळीतली सगळी माणसं उठून बसलेली.

दुसऱ्या दिवशी कुणी विहिरीत उतरलं नाही.

सेक्रेटरीनं त्यांना समजावलं. ते कागद दाखवले, फासे दाखवले. त्यानं उलटच झालं. मास्तरनं विलायती पुस्तकात बघून सांगितलंय, आठ-आठ बाजूंचे फासे टाकून सांगितलंय, म्हणजे ते खरंच असणार, असं त्यांच्यात पक्कं झालं. मुकादमाला मी स्वतः भेटलो. त्याला कुणी अडाणी म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही. तो एवढंच बोलला, "गुरुजी, भूत असतं तर कोंबडं दिलं असतं, नारळ फोडला असता. आमच्यात रीत हाय त्याची. तुमी म्हणता त्येला आमी दिसतच न्हाय. मग त्येला द्यायचं तरी काय?" ज्या गोष्टीवर मी खूष होतो तीच त्यानं माझ्यापुढं ठेवली होती.

शेवटी त्यानंच वाट काढली. टोळीत एक रीत होती: ज्याच्या तोंडून शंका निघाली, त्यानं आधी खाली जाऊन तळाला पाय लावायचा, मग बाकीचे उतरणार. "गुरुजींनी उतरावं," तो म्हणाला, "तळाला उभं ऱ्हाऊन हाळी द्यावी. आमी लगीच कामाला लागतू."

सेक्रेटरी मला न्यायला घरी आला. त्याचा चेहरा दोन दिवसांनी पहिल्यांदा मोकळा दिसत होता. "पाच मिनिटांचं काम हाय," म्हणाला, "तूच रचलंस, तुला काय त्याचं?"

सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन. सगळी वस्ती काठावर जमलेली. सेक्रेटरीची आई पुढंच उभी होती, डोईवर रिकामी घागर, कारण ती तशीच मळ्याच्या वाटेला लागणार होती. यारीला, म्हणजे हातानं फिरवायच्या क्रेनला, लोखंडी पाळणा होता. मी त्यात बसलो. "सावकाश जावा, गुरुजी," सेक्रेटरीची आई म्हणाली.

दोन परस ठीक गेले. मग ऊन वरच्या कडेला राहिलं आणि हवा गार झाली. खाली बघितलं तर काळं. मी स्वतःला सांगत होतो, अरे गाढवा, हे तूच केलंयस, परवा दुपारी, चहा पिता पिता. तेवढ्यात पाळणा हेलकावला, कडेच्या खडकावर आदळला आणि आतून पोकळ आवाज आला. लांबवर गेला आणि परत आला.

"वर घ्या!" मी ओरडलो. एकदा नाही, वर येईपर्यंत ओरडतच होतो.

काठावर पाय टेकले तेव्हा कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मुकादमानं डोक्याचं मुंडासं नीट केलं आणि यारीचे नट सोडायला माणसं लावली. संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर आला आणि टोळी गेली. सेक्रेटरी माझ्याकडं बघतही नव्हता. त्याची आई घागर घेऊन मळ्याकडं निघाली होती.

मी त्याला नंतर हजार कारणं दिली. मला उंचीचा त्रास आहे म्हणालो, उपाशीपोटी गेलो होतो म्हणालो. खरं एवढंच की माझं भान शून्यावर आलं होतं. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि सोसायटीच्या कागदात मान घालायचा. खेळ तिथंच संपला.

दुसरी टोळी मिळाली नाही. बोलवा तालुकाभर पसरला होता. जूनमध्ये काम बंद पडलं. मग सेक्रेटरीनं आणि वस्तीतल्या पाच-सहा जणांनी यारीशिवाय, सुरुंगाशिवाय, दोरानं उतरून, नोकरी-मजुरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी खणायला घेतलं. मी मदतीला जायचं रोज ठरवायचो. पुढच्या वर्षीचा सगळा उन्हाळा बायका मळ्यावरच जात राहिल्या. त्याच उन्हाळ्यात सेक्रेटरीची आई भरल्या घागरीसकट बांधावर पडली आणि खुब्यात मोडली. मी भेटायला गेलो तर मलाच म्हणाली, "गुरुजी, तुमी जेवलाव का?"

पाणी पावसाळ्याच्या तोंडावर लागलं. ही बातमी मला कंपाउंडरकडून कळली. सेक्रेटरीनं पेढे सगळ्या गावात वाटले, माझ्याही घरी पाठवले, पण स्वतः आला नाही.

पुढं माझी बदली येडशीकडं झाली. खोका मी मामेभावाला परत द्यायचं म्हणत राहिलो. आजही तो माळ्यावर आहे, सेक्रेटरीच्या मोत्यासारख्या अक्षरातल्या कागदांसकट. आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर एकदा हिय्या करून त्याच्याकडं गेलो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. माफी मागायची, असं एस.टी.त बसतानाच ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. त्यानं नीट स्वागत केलं. मग मला विहिरीवर घेऊन गेला. भोवती पक्का कठडा, आत हिरवट पाणी, बरंच वर आलेलं. आम्ही दोन म्हातारे कठड्याला टेकून उभे राहिलो.

मी जुळवलेलं वाक्य बाजूलाच राहिलं. तोंडून निघालं ते असं, "तळाला काय होतं रे?"

त्यानं वाकून पाण्यात बघितलं, माझ्याकडं नाही.

"दगुड हुता," तो म्हणाला. "त्याच्या दीड हात खाली पाणी. बाकी काय न्हवतं, मास्तर. तू टाकलं हुतंस तेवढंच."

घरी येऊन त्यानं त्याच विहिरीचं पाणी तांब्याभर माझ्यापुढं ठेवलं. मी ते प्यालो आणि तांब्या खाली ठेवला. मागायला नेलेली माफी तशीच घेऊन पाचच्या गाडीनं परत आलो.