गोळ्यांचा पाहुणचार

आमच्या खोलीत एकट्यानं काही तोंडात टाकायची रीत न्हाई. सुपारी असो, तंबाखू असो, पहिली चिमूट शेजाऱ्याची. पालीजवळच्या या वृद्धाश्रमात आलो अन् दोन्ही बंद झालं. राहिल्या गोळ्या. मग आमी गोळ्याच वाटून खायला लागलो.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा गेवराईचा. जन्मभर गाड्यावर फळं विकली. सगळे त्याला चाचा म्हणतेत. त्याला गुडघ्याची गोळी, मला शुगरची. सिस्टर वाटीत गोळ्या ठेवून पुढच्या खोलीत गेली की चाचा म्हणायचा, "घे बे अर्धी. एकट्यानं खाल्ली तर गुण येत न्हाई." नुसतं घेणं बरं दिसत न्हाई, म्हणून मीबी माझी अर्धी द्यायचो. वर अक्कल शिकवायचो, "तुला शुगर न्हाई, पण होऊ नये म्हणून आधीच घेतलेली बरी." चौथी शिकलेला माणूस मी.

एक दिवस गोळी मोडेना. अख्खीच त्याच्या हातावर ठेवली. पाहुणचारात हात आखडायचा न्हाई. पोहे आवडत न्हाईत म्हणून त्यानं नाष्टाबी केला नव्हता.

दहाच्या सुमाराला चाचा पंख्याला मोसंबी विकायला लागला. "घ्या मालक, लई गोड हाय, चाखून बघा."

आमी पोट धरून हसलो. मी म्हणलं, "पंख्याला दात न्हाईत बे, रस काढून दे."

मग बघितलं तर त्याचा सदरा घामानं भिजलेला, हात थरथरत होते. अन् बोलता बोलता तो गप झाला. आमची म्हातारीबी दोन वर्षांखाली अशीच बोलता बोलता गप झाली. दूध उतू गेलं, तिचा जीव गेलेला, अन् मी गाढव तिला दुधावरून बोलत राहिलो.

सिस्टर पळत आली. "काय खाल्लं यांनी?"

खरं बोललो तर इथून हाकलतेल, असं वाटलं. पण चाचाचे डोळे जड व्हायला लागले होते.

"माझी शुगरची गोळी. मीच दिली. अख्खी."

तिनं बोट टोचून मशीनवर रक्त बघितलं, साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, डॉक्टरला फोन लावला. मला म्हणली, "बाबा, शुगर परत उतरू शकते. डॉक्टर येईपर्यंत यांना बोलतं ठेवा. तुमीच केलंय, तुमीच निस्तरा."

बसलो उशाला. बोलायचं सगळं संपलं तसं भांडण काढलं. "तुझी मोसंबी आंबट. तुझा काटा खोटा."

"काटा खोटा?" चाचा उठूनच बसला. "तुझा बाप खोटा!"

"चांगलं चाललंय," सिस्टर म्हणली अन् परत बोट टोचलं.

दुपारी डॉक्टर आले. चाचाला तपासलं, मला झापलं. आता सिस्टर समोर उभी राहून गोळी गिळायला लावणार, जीभ वर करून दाखवायची. दाखवतो. चूक माझी हाय.

डॉक्टर गेले तसे चाचानं डोळे मिटले. मी त्याला गदागदा हलवलं. "तुझी पपई फिकी."

"झोपू दे की बे. डॉक्टर बरा म्हणून गेला."

"डॉक्टर गेला. मी हाय," म्हणलं, अन् त्याच्या कलिंगडावर आलो.