लातूरचं पाकीट

मी नांदेडच्या एका ज्युनियर कॉलेजात बावीस वर्षांपासून पुस्तपालन शिकवतो, आणि आमच्या घराचं बजेट सदतीस दिवस टिकलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावू नये, अशी विनंती मी स्टाफरूममध्ये केलेली आहे. ती अजून कुणी मानलेली नाही.

सुरुवात मार्चच्या अखेरीस झाली. पगाराला चार दिवस बाकी असताना गॅसवाला दारात आला आणि माझ्या खिशात दोनशे साठ रुपये निघाले. तो सिलेंडर खांद्यावर टाकून परत गेला. माझ्या हाताखालची पोरं आज बँकांमध्ये मॅनेजर आहेत आणि माझ्या दारातून सिलेंडर परत जातो, हे मला फार लागलं. त्याच दुपारी मोबाइलवर एका कोटवाल्या माणसाचा व्हिडिओ आला. त्याचं म्हणणं साधं होतं. पगार झाला की सगळा रोख काढा, एकेका खर्चाचं एकेक पाकीट करा आणि त्या पाकिटाबाहेर एक रुपया जाऊ देऊ नका. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि दोनदा बायकोला दाखवला.

पाकिटं विकत आणायची म्हणजे बजेटच्या पहिल्याच दिवशी नवा खर्च. म्हणून मी कपाटातली काढली. आमच्या वास्तुशांतीच्या वेळी आहेराच्या पाकिटांचे दोन गठ्ठे आणले होते, त्यातला एक तसाच पडून होता. लालभडक पाकीट, वर सोनेरी गणपती, कोपऱ्यात चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं. त्यांतली अकरा पाकिटं घेऊन मी प्रत्येकाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं नावं लिहिली. किराणा, दूध, भाजी, लाइट बिल, पेट्रोल असं करत करत शेवटचं लातूर.

लातूर म्हणजे आमची ऋतुजा. एकुलती एक. अकरावीपासून ती तिथं खोली घेऊन दोन मैत्रिणींबरोबर राहते आणि डॉक्टर व्हायचं म्हणून पहाटेपासून अभ्यास करते. तिच्या मेसचे तीन महिन्यांचे नऊ हजार आगाऊ भरावे लागतात, पुढचे दहा मेच्या आत भरायचे होते. बाकीची दहा पाकिटं चुकली तरी चालतील, पण लेकीच्या जेवणाचं पाकीट चुकता कामा नये, असं मी ठरवलं होतं. त्यात पाचशेच्या अठरा नोटा दोन पगारांतून साठवायच्या होत्या.

"मंग आता मी काय करायचं?" सुमननं विचारलं.

"तू फक्त मागायचं. मी पाकिटातनं काढून देणार. चिठ्ठीवर सही करायची."

"कोथिंबिरीला बी सही?"

"कोथिंबिरीला तर आधी."

ती काही बोलली नाही. (बावीस वर्षांच्या संसारात हे फार क्वचित घडलं आहे, आणि प्रत्येक वेळी मला महागात पडलं आहे.)

एक तारखेला मी दूधवाल्याच्या हातावर त्याचं पाकीट ठेवलं. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं, गणपतीला हात जोडले आणि म्हणाला, "कुणाचं लगीन हाय सर? आम्हाला पत्रिका न्हाई."

"दुधाचं बिल आहे."

"बिलात एक रुपया जास्त कामून?"

मी त्याला कोटवाल्या माणसाची पद्धत समजावून सांगितली. त्यानं ती आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरी, दूध घालता घालता, सांगितली.

बारा तारखेपर्यंत पाकिटांची आपापसांत उसनवारी सुरू झाली. किराण्यानं लाइट बिलाकडून सहाशे घेतले. लाइट बिलानं पेट्रोलकडून घेतले. पेट्रोलचं भाजीकडं देणं होतं, आणि भाजीचे पैसे कुणाकडं आहेत हे शोधायला मी एक वेगळी वही आणली. वहीचे चाळीस रुपये कोणत्या पाकिटातून घ्यायचे, यावर माझी आणि सुमनची एक सबंध सकाळ गेली. एका पाकिटाला मात्र मी कुणालाच शिवू दिलं नाही. एकदा तर भर दुपारी घरात चहापत्ती नव्हती, तरी मी लातूरच्या पाकिटातून दहा रुपये काढले नाहीत. आम्ही शेजाऱ्यांकडं चहाला गेलो.

मेच्या पहिल्या आठवड्यात दत्ताभाऊच्या पोरीचं लग्न आलं. दत्ताभाऊ म्हणजे सुमनचा चुलत भाऊ, लोह्याजवळ त्याची शेती. मी त्याचा दाजी, म्हणजे त्या घरचा जावई. आता पाहा, नांदेडहून लातूरला जाताना लोहा वाटेतच लागतं. माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. लग्न लावू, जेवू आणि तसेच पुढं लातूरला जाऊन मेसवाल्याच्या हातावर नऊ हजार टिकवू. एका तिकिटात दोन कामं. मी वहीत 'प्रवास बचत' असा नवा रकाना पाडला.

आहेर पाचशे एक ठरला होता. पण आहेराच्या पाकिटानंही मागच्या महिन्यात भाजीला मदत केलेली होती, आणि भाजीनं ती दहा-दहाच्या नोटांत परत केली होती. त्यामुळे पाचशेचं पाकीट चांगलं गुबगुबीत झालं. किंबहुना लातूरच्या पाकिटापेक्षा तेच वजनदार वाटत होतं. आहेराचं मी पँटच्या उजव्या खिशात ठेवलं, लातूरचं डाव्यात.

मांडवात ऊन मी म्हणत होतं. आमच्याकडं आहेर नुसता देऊन भागत नाही. दाराशी टेबल असतं, टेबलावर वही असते आणि वहीमागं माइक घेऊन गावातले एक गुरुजी असतात. ते पाकीट सगळ्यांसमोर फोडतात, मोजतात, वहीत लिहितात आणि नावासकट पुकारतात. म्हणजे उद्या तुमच्या घरी कार्य निघालं की वही काढायची आणि तितकंच परत करायचं. टेबलापुढं गर्दी होती. तिथं एका पाहुण्यानं माझा उजवा हात धरून खुशाली विचारायला सुरुवात केली आणि तो काही सोडेना. मी डाव्या हातानं खिशातलं पाकीट काढलं, गुरुजींपुढं ठेवलं आणि जेवणाच्या मांडवाकडं निघालो.

तिथं माझे भोकरचे साडू भेटले. त्यांचं खताचं दुकान आहे आणि आमच्यात पहिल्यापासून, कोण कुणाला आधी नमस्कार करतो यावरून, स्पर्धा आहे. आम्ही दोघंही नमस्कार न करता उभे असताना माइकवर आवाज आला, "जाधव यांच्याकडून आहेर, नऊ हजार एक रुपये."

"कोण हो हा?" साडूंनी विचारलं.

"असेल कुणी उधळ्या," मी म्हणालो. "जाधवांना काय तोटा आहे? असल्या लोकांना घरात कुणी विचारणारं नसतं, म्हणून हे असं होतं." आणि मी त्यांना पाकिटांची पद्धत समजावून सांगायला लागलो.

माझं किराण्यापर्यंत आलं होतं, तेवढ्यात माइक पुन्हा बोलला. "दुरुस्ती. नांदेडचे जावई, गोविंदराव जाधव सर. नऊ हजार एक."

मी उजव्या खिशात हात घातला. दहा-दहाच्या नोटा हाताला लागल्या. समोरून सुमन बायकांच्या घोळक्यातून वाट काढत येत होती. तिचा चेहरा पाहून साडू दोन पावलं बाजूला सरले.

"काय करून राहिले तुम्ही?"

"चुकून..."

"हळू बोला. सगळे इकडंच बघून राहिले."

ते खरं होतं. माझ्याकडं त्या गावात आजवर इतक्या प्रेमानं कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्या पाच मिनिटांत मला फेटा बांधला गेला. स्टेजवर नेऊन नवरा-नवरीच्या मधोमध उभं करून फोटो काढला गेला. इकडं साडूंनी टेबल गाठलं. त्यांचे एक हजार एक लिहून झालेले होते. "ते खोडा," ते गुरुजींना म्हणाले, "अकरा हजार एक करा." ते पुकारलं गेलं तेव्हा माझी मेव्हणी जेवत होती. हातातला घास ताटात ठेवून ती उठली, आणि त्यानंतर सहा महिने ती सुमनशी बोलली नाही.

मी ठरवलं, लाज गेली तरी चालेल, दत्ताभाऊला खरं सांगायचं. पोरीच्या जेवणाचे पैसे आहेत. त्याच्या जागी मी असतो तर हसून परत दिले असते. मी त्याला हाताला धरून मांडवामागं, आचाऱ्याच्या भट्टीपाशी नेलं.

"दत्ताभाऊ, एक चूक झाली."

"चूक?" दत्ताभाऊचे डोळे भरून आले. "दाजी, तुम्ही आज देवासारखे धावून आले. वऱ्हाडात दोनशे माणूस जास्त आलं हो. बुंदी संपली. आचारी म्हणला, रोख टाका, त्याबिगर कढई ठेवणार न्हाई. माझ्यापाशी रुपया न्हाई उरला. तेवढ्यात तुमचं नाव पुकारलं. गुरुजीच्या हातून तसेच उचलले आन् तेल-बेसन आणलं. ते बघा."

मी पाहिलं. कढईतून पिवळीधमक बुंदी निघत होती.

"काय म्हणत होते तुम्ही? काय चूक?"

"काही नाही," मी म्हणालो. "कडी-कुलूप लावलं की नाही घराला, ते आठवत नाही."

मग त्यानं मला पंगतीत बसवलं आणि वाढप्याला बजावलं, "दाजीला हात आखडू नको." ताटात बुंदीचा ढीग झाला. माझ्या लेकीचं तीन महिन्यांचं जेवण माझ्या पुढ्यात होतं आणि लोक मला आग्रह करून करून ते खाऊ घालत होते. तरी मी दोनदा घेतली, कारण नाही म्हणालो असतो तर दत्ताभाऊला वाईट वाटलं असतं.

लातूरच्या बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो. सुमन खिडकीबाहेर बघत होती. मी बोलत होतो. सकाळच्या शिकवण्या धरतो म्हणालो. पेट्रोल बंद, कॉलेजला चालत जातो. चहा सोडतो. दर वाक्याला ती फक्त 'हं' म्हणत होती. अहमदपूर गेलं तरी तिचं 'हं' बदललं नाही. मला खरंच फार वाईट वाटत होतं. अठरा नोटा मी दोन पगारांतून जपल्या होत्या आणि पोरीसमोर फेटा बांधून, खिशात दहा-दहाच्या नोटा घेऊन उभा राहणार होतो. फेटा सोडून ठेवावा हेही मला सुचलं नव्हतं.

ऋतू खोलीच्या दारातच उभी होती. "बाबा, हे काय डोक्यावर?"

मी तिथंच, पायरीवर बसून, तिला सगळं सांगितलं. पाकिटं, दोन खिसे, गुरुजी, बुंदी. शेवटी म्हणालो, "बेटा, मी मेसवाल्याकडं जाऊन आठ दिवसांची मुदत मागतो. हातापाया पडतो. कुठं आहे मेस?"

ऋतूनं आईकडं पाहिलं. आईनं तिच्याकडं पाहिलं. मग दोघी हसायला लागल्या. ऋतू तर भिंतीला धरून हसली.

"बाबा, मेस मी जानेवारीतच सोडली. वरण म्हणजे नुसतं पाणी. आम्ही तिघी खोलीवरच करतो. आई ज्वारी, डाळ पाठवते. महिन्याला हजार रुपयांत भागतं."

"आणि मागच्या वेळचे नऊ हजार?"

"त्यातले सहा पोस्टात हायत," सुमन म्हणाली. "माझ्या खात्यात. पोरीच्या पुस्तकांना."

मी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याचं बी पाकीट केलं असतं. आन् दत्ताच्या दुसऱ्या पोरीला दिलं असतं."

"निदान बसमध्ये तरी सांगायचं. तीन तास माझा जीव..."

"चहा सोडतो म्हणत होते तुम्ही," ती म्हणाली. "मी म्हणलं, बघू अजून काय काय सोडतात."

ऋतूनं आत जाऊन चहा टाकला. चहा घेताना तिनं विचारलं, आता ते नऊ हजार गेलेच का? तिची आई म्हणाली, गेले कुठं, वहीत लिहिलेत, तुझ्या लग्नात दत्ता परत करंल. "म्हणजे नऊ हजार वसूल करायला मी लग्न करू?" ऋतू म्हणाली, आणि दोघी पुन्हा हसायला लागल्या. या वेळी मीही हसलो. पोरगी उपाशी राहणार नव्हती, एवढ्यानंच माझं निम्मं ओझं उतरलं होतं.

उरलेली पाकिटं सुमननं घरी आल्या दिवशीच ताब्यात घेतली. आता बजेट ती करते. कसं करते ते मला माहीत नाही, पण गॅसवाला पुन्हा कधी परत गेलेला नाही. कॉलेजात मी अजून तेच शिकवतो आणि पोरांना मार्कही चांगले पडतात. लग्नांना आम्ही जोडीनंच जातो. टेबलावर आहेर ती देते. मी तिच्यामागं तिची पर्स धरून उभा असतो, आणि माझ्या हातात देण्याआधी ती पर्स रिकामी करते.