आत दुमडलेलं टोक

दुपारी टीव्हीवर कुठल्याशा दूरच्या देशाची बातमी चालू होती. तिथल्या हुकूमशहाचे सैनिक ट्रकमधून लाकडी पेट्या उतरवत होते. पेट्यांवरची अक्षरं काळ्या रंगानं बुजवलेली होती. पण उचलण्यासाठी बांधलेल्या दोऱ्या कॅमेऱ्यासमोरून गेल्या आणि मेथी निवडता निवडता माझा हात थांबला. प्रत्येक गाठीचं टोक आत दुमडलेलं होतं.

दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात आम्ही बायका पेट्यांना दोऱ्या बांधायचो. बाळाला टोचू नये म्हणून पाळण्याच्या गाठीचं टोक आत दुमडायचं, हे मला आईनं शिकवलेलं. हमालांच्या हातांना बरं, म्हणून मी तिथंही तसंच करायचे. मग सगळ्याच जणी करू लागल्या. पेट्या आपल्याच सीमेवर जातात, असं साहेब सांगायचे. पाळणा काय नि पेटी काय, हातांना दोन्ही सारखंच.

पडद्यावर आपले मंत्री आले. "त्या देशाला आम्ही एक काडतूससुद्धा दिलेलं नाही," ते अगदी शांतपणे म्हणाले. त्यांच्या शेजारच्या चौकटीत त्या देशातला रस्ता दिसत होता. लग्नाच्या मांडवाबाहेर असावा तसा चपलांचा खच पडला होता. माणूस मात्र एकही नव्हतं.

आतून सून म्हणाली, "आई, पाळणा बांधून देता? तुमची गाठ कधी सुटत नाही."

मी उठले. या वेळी टोक बाहेरच ठेवायचं, असं मनाशी घोकत गाठ मारली. बघते तर ते आत होतं.